बाबांची जाहिरात आणि वहिनीची

वहिनीची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी देऊळघाटच्या रस्त्याला आहे. मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी. शेतकरी ओळखीने यायचे आणि ट्रे घेऊन जायचे. त्या वर्षी जवळच आणखी एक नर्सरी निघाली आणि वहिनीचे ट्रे शेडनेटमध्ये पडून राहू लागले. रोप कोणासाठी थांबत नाही. वेळेवर शेतात गेलं नाही तर ट्रेमध्येच म्हातारं होतं.

मी तेव्हा पुण्याची नोकरी सोडून बुलढाण्याला घरी आले होते. मोबाइलवर पैसे भरून दाखवायच्या जाहिराती आखणं हे माझं तिथलं काम. घरात त्याला कोणी काम म्हणत नसे. वहिनीने मात्र एका सकाळी चहा देताना विचारलं, की तिच्या रोपांचं असं काही करता येईल का.

त्याआधी दादाने एक प्रयत्न केला होता. कोबीच्या रोपांचा फोटो टाकून त्याखालचं जाहिरातीचं बटण दाबलं होतं. फोटो पुष्कळांना आवडला. कोकणात आवडला, गोव्यात आवडला. एकाने ही तुळस आहे का असं विचारलं. रोप कोणी नेलं नाही. दादाच्या मते जाहिरात उत्तम चालली होती, लोकच बरोबर नव्हते.

मी वहिनीला कागदावर मांडून दाखवलं. सगळ्यात वर एकच हेतू ठरवायचा. फोटो आवडायला हवा आहे की मेसेज यायला हवा आहे? आपण जे मागू तेच मिळतं. दादाने आवड मागितली, त्याला आवड मिळाली. त्याखाली माणसांचे गट. आपल्याला अजिबात न ओळखणारे एका गटात, आधी व्हिडिओ पाहिलेले किंवा चौकशी करून गेलेले दुसऱ्यात. दोघांशी बोलणं वेगळं, म्हणून दोघांचे पैसेही वेगळे. आणि प्रत्येक गटाखाली दोन-तीन जाहिराती, एकमेकींपासून एकाच गोष्टीत वेगळ्या. नाहीतर कोणती कशामुळे चालली ते कळत नाही.

वहिनीने कागदावरच्या गटांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हंजे मिरची न् कोबी एका ट्रेत नाई टाकायचं. उगवलं नाई तं बी खराब का पाणी कमी, समजत नाई."

पुण्यात एवढं समजावायला मी अर्धा दिवस घ्यायचे.

हेतू मेसेजचा ठरला. जाहिरात कुठल्या गावांत दाखवायची ते ठरवताना देऊळगाव राजा तिनेच काढून टाकलं. तिकडे पोचेपर्यंत उन्हात रोपं मान टाकतात, म्हणाली. अमडापूर ठेवलं, ते तिचं माहेर.

मजकुराचा विषय निघाला तेव्हा बाबा पेपर ठेवून आत आले. बाबा आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. मजकूर त्यांनी लगेच लिहून दिला: 'भाजीपाला उत्पादक बंधू-भगिनींनो, दर्जेदार व निरोगी रोपांसाठी एकवार अवश्य संपर्क साधावा.' वहिनीने तो मोबाइलसमोर म्हणायचा होता. बाबा बाजूला उभे राहून उच्चार सुधारत होते. 'दर्जेदार' पाचव्या खेपेला त्यांच्या मनासारखं झालं.

ते घरात गेल्यावर मी वहिनीला म्हणाले, आता कोणी गिऱ्हाईक आलंय असं समजून बोल. तिने ट्रेमधून एक रोप उपसलं, मुळं कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाली, "मिरचीचं रोप घ्याचं असन तं आधी उपसून पाहा. मुळं पांढरी असन तरच घ्या. नाई घेतलं तरी मले राग नाई येत."

बाबांनी ते दोनदा ऐकलं. हे असंच लोकांना दाखवणार का, असं विचारलं. मी म्हणाले, दोन्ही दाखवू. बाई तीच, रोप तेच, गावं तीच, पैसे तेवढेच. फरक फक्त भाषेचा. आणि आठवडाभर कोणी कशाला हात लावायचा नाही.

हात बाबांनी लावला नाही. पण रोज सकाळी ते माझ्या मागे येऊन उभे राहायचे आणि आपल्याला किती, असं विचारायचे. आपल्याला म्हणजे त्यांच्या जाहिरातीला. मधल्या एका दिवशी तिला एकदम भरपूर लाइक आले. बाबांनी ती निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवली होती. मी सांगितलं की लाइक धरायचे नाहीत, मेसेज धरायचे. ते म्हणाले की नियम आधी सांगायला हवा होता. नियम कागदावर पहिल्या ओळीत होता.

आठवडा संपला. बाबांच्या जाहिरातीला एक मेसेज आला होता. तो त्यांच्याच एका जुन्या सहकाऱ्याचा होता. 'बंधू-भगिनींनो' असं संबोधन केल्यावर पुढे 'संपर्क साधावा' नव्हे, 'संपर्क साधा' हवं, असं त्यांनी कळवलं होतं. वहिनीच्या जाहिरातीला आलेल्या मेसेजना उत्तरं देता देता माझी दुपार जात होती. लोक नर्सरीत येऊन खरोखर रोपं उपसून बघत होते, आणि बहुतेक जण घेऊन जात होते.

मी बाबांना दोन्ही आकडे दाखवले. त्यांनी चष्मा पुसला.

"उत्तरपत्रिकेत 'मले' लिहिलं की मी अर्धा गुण कापायचो," ते म्हणाले. मग चष्मा लावत म्हणाले, "माझी बंद कर."

मी बंद केली. मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. पुण्यात पहिल्याच आठवड्यात मी मीटिंगमध्ये 'का'ऐवजी आपलं 'काऊन' म्हणाले होते आणि सगळे हसले होते. त्यानंतर मी तो शब्द तिथे पुन्हा काढला नाही. विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी बियाण्यांच्या कितीतरी जाहिराती मी पुढे बाबांच्याच मराठीत लिहिल्या. त्या चालल्या नाहीत की अहवालात कारण लिहायचे: ग्रामीण भागात नेट कमी. त्या अहवालांवर सही माझी असायची.

ज्यांनी वहिनीचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला पण मेसेज केला नाही, त्यांचा दुसरा गट मी मग सुरू केला. त्यांना मुळं पुन्हा दाखवली नाहीत. टोमॅटो परवा तयार होतो, एवढंच वहिनीने सांगितलं. मिरची आणि टोमॅटो संपले, वांगी जवळजवळ संपली. कोबीचं मात्र काही झालं नाही. आम्ही जाहिरात सुरू केली तोवर त्याची वेळ टळून गेली होती. ते ट्रे वहिनीने शेजारच्या शेळ्यांपुढे रिकामे केले. मग ट्रे धुऊन रचून ठेवले.

पुढच्या हंगामात तिने जाहिरात बी टाकायच्या आधी लावायला सांगितली. कोणाला कोणतं रोप, किती आणि केव्हा हवं, ते आधी विचारायचं आणि तेवढंच पेरायचं. मेसेजना उत्तरं द्यायचं काम बाबांनी मागून घेतलं. ते प्रत्येकाला पूर्ण वाक्यात, विरामचिन्हांसह उत्तर देतात. शेतकरी त्यांना 'सर' म्हणतात. दुपारी ते यादी घेऊन नर्सरीत जातात, वहिनी यादी वाचते आणि ट्रे मोजून बाजूला काढते.