दरवाजामागची टाइल

परवा हरेलीचा सण होता आणि आमचा मिस्त्री आला नाही. फोन केला तर म्हणतो, "आज औजार ला हाथ नइ लगावन दीदी!" बरोबरच आहे म्हणा… हरेलीला इकडे औजारं धुऊन पुजतात, वापरत नाहीत. पण माझा जीव नुसता टांगणीला.

दोन दिवसांनी बाबांना डिस्चार्ज होता. महिन्याभरापूर्वी ते बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. आई गेल्यापासून बोरसीच्या या घरात आम्ही दोघंच. आणि बाबांनी हॉस्पिटलमधूनच बजावलेलं, "तू मले बाथरूममधी धरून नेऊ नोको." पोरीनं धरून न्यावं, हे त्यांना मरणाहून वाईट.

म्हणजे भिंतीला हँडल हवंच. पण मिस्त्री आधीच सांगून गेला होता, टाइलवर टिकणार नाही, टाइल काढून थेट विटेत बसवावं लागेल. आणि टाइल कोणी चिकटवलेल्या? रिटायर झाल्यावर बाबांनीच, स्वतःच्या हातानं!

मला कुठला धीर… बाबांच्या पेटीतली छिन्नी-हातोडी काढली. आपली औजारपूजा विश्वकर्मा जयंतीला असते, आज चालतं, अशी मनाची समजूत घातली. आणि घातला घाव मधोमध.

दोन तास झाले, टाइल निघेल तर शप्पथ! नुसते टवके उडून राहिले, गोंद काही सुटेना. बाबा प्लांटमध्ये मेंटेनन्सचे फिटर, त्यांचं काम असं थोडंच सुटणार. मी दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन घड्याळ बघत होते.

मग एकदम आठवलं, याच भिंतीतून पाइप जातो. कुठून, ते फक्त बाबांना ठाऊक… आणि त्यांना तर मी हँडलबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. जन्मभर उंच शिड्या चढलेल्या माणसाला कसं सांगायचं? शेवटी लावला फोन, आणि रडतच सगळं सांगून टाकलं.

बाबांनी एवढंच विचारलं, "कुठून सुरू केलं?"

"मधातून."

"मधातून कोनी खोलते का, पागल! दरवाजामागची टाइल पाह्य, एकदम खालची. तिले गोंद नाही लावला म्या. बंद केलं तं खोलाची जागा ठेवावं लागते ना."

मग हळूच, "आन् हँडल डाव्या हातानं धरता येईन असं लाव. उजव्यात जोर नाही राहिला."

हे त्यांनी डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. फोन ठेवून मी पाट दरवाजामागे ओढला.

ती टाइल ठोकली तर पोकळ वाजली, आणि छिन्नी घालताच अख्खी हातात आली. मागे भिंतीवर निळ्या खडूनं पाइपची रेघ आखलेली, बाणासकट! तिथून कडेकडेनं छिन्नी सरकवत गेले आणि संध्याकाळपर्यंत हँडलची जागा मोकळी.

काल मिस्त्रीनं हँडल बसवून नव्या टाइल लावल्या. दरवाजामागची बिनागोंदाची ठेव म्हटलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

आज दुपारी बाबा आले. वॉकर घेऊन सरळ बाथरूममध्ये. मला म्हणाले, "ठोक तं ते खालची." ठोकली… पोकळ वाजली. "बरोबर," म्हणाले, डाव्या हातानं हँडल धरलं आणि मला बाहेर घालवलं.

मी दाराबाहेर येरझारा घालत राहिले. नळाचा आवाज आला, बंद झाला, मग किती तरी वेळ काहीच नाही…

दार उघडलं. बाबा एकटे बाहेर आले, जसं काही झालंच नव्हतं अशा थाटात. देवा, एवढंच तर मागितलं होतं.