कोकिळाअक्काचं भरीत

कोकिळाअक्काच्या तोंडी लागायला अख्खं गाव कचरायचं. बांधावरून शेळी गेली तरी ती शेळीला नाही, शेळीच्या धन्याच्या सात पिढ्यांना हाक मारायची. शेजारच्या धनसिंगशी तर तिचं पाच वर्षं बोलणं बंद होतं. कारण एकच, बांध.

शेत कसलं, धरणाचं पाणी ओसरलं की उघडा पडणारा गाळाचा तुकडा. हिवाळ्यात त्यात ती हरभरा टाकायची. घरातली वर्षाची डाळ, बेसन सगळं त्यावरच. आणि नेमके घाटे भरू लागले की आभाळातून करकोचे उतरायचे. मग अक्का दिवसभर डबडं बडवत, गोफण फिरवत उभी.

भूषण सरांना हेच खुपायचं. धुळ्याच्या कॉलेजातले हे सर दर हिवाळ्यात पाखरं बघायला, त्यांचे फोटो काढायला माणसं घेऊन येत.

"अक्का, आज डबडं नको हं. पाहुणे आहेत ते, किती लांबून येतात!"

"पाव्हना दोन दिन ऱ्हास," अक्का म्हणाली. "ह्या होळीलोंग ऱ्हातस. इतलाच पुळका शे ते तुमना घर ली जा."

सर हसले. भांडले नाहीत, हेच खरं तर तिनं ओळखायला हवं होतं.

"बरं, राहू द्या. पण भरीत तुमच्याच हातचं हवं. आमच्यातल्या कुणाला तशी चव साधत नाही."

आता थंडीचे दिवस, समोर सरांनी आणलेली हिरव्या वांग्यांची टोपली, आणि खानदेशातल्या बाईला कुणी असं म्हणावं! अक्कानं डबडं खाली ठेवलं. घरून आपलं मोठं पातेलं आणलं. सरांनी बाभळींच्या आडोशाला, वारा लागू नये म्हणून, चूल मांडून ठेवलीच होती. बसणाऱ्याची पाठ शेताकडे.

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ धडधडला. वांगी तडकली, सालं काळी पडून सुटली. अक्का मिरच्या-लसूण ठेचत होती, कांद्याची पात चिरत होती. तेवढ्यात पलीकडून धनसिंग ओरडला, "अक्का वो! मांगे पाय!"

'मागे बघ' म्हणे! पाच वर्षांनी तोंड उघडलं ते खिजवायला. तिनं मान वळवली नाही.

"अक्का, पात अजून थोडी बारीक," सर म्हणाले.

फोडणीत शेंगदाणे पडले आणि बांधावरून कुणीतरी कुजबुजलं, "काय फ्रेम मिळाली!" अक्कानं बघितलं. सगळे कॅमेरे एका रांगेत होते, पण पाण्याकडे नव्हते.

ती धावली. तिचा हरभरा दिसतच नव्हता, नुसत्या राखाडी पाठी. गोफण सुटली, थवा एकदम उठला, आणि खाली उरली तुडवलेली, घाटे झडलेली झाडं. धनसिंग आपल्या तुकड्यात थाळी बडवत होता. तिच्याकडे बघत नव्हता.

अक्का चुलीपाशी परतली. आरडाओरडा नाही. सर पुढे आले. "अक्का, नुकसानीचा अर्ज मी स्वतः..."

"माले चुलीपा बसाडं," ती म्हणाली. "मना हातनी चव नही, मना हात गुतायेल पाहिजे व्हतात तुम्हले."

तिनं पातेल्याला पदर लावला, उचललं आणि डोक्यावर घेतलं.

"अहो अक्का, भरीत! लोक उपाशी आहेत!"

"मनं पाखरेस्नी खादं. तुमनं मी ली जास."

धनसिंगच्या बांधावर तिनं पातेलं ठेवलं. त्यानं मान वर केली. अक्का दुसरीकडेच बघत होती.

"भांडं घासीसन दे," एवढंच म्हणाली.

मग डबडं घेऊन ती शेतात उभी राहिली. मंडळी लोणच्याशी कोरड्या पुऱ्या खात होती. आभाळात एक पाखरू नव्हतं, तरी गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत अक्काचा हात थांबला नाही.