विमलताईंचा पासवर्ड

आमच्या बाभुळगावकडच्या गावात रोशनच्या मोबाईल दुकानात एक रजिस्टर आहे. नवा फोन घेतला की खातं रोशनच उघडून देतो आणि पासवर्ड रजिस्टरात लिहून ठेवतो. माझा 'डोमाजी१२३' आहे. अर्ध्या गावाचा असाच, नावापुढं एकदोनतीन! विसरलो की रोशन पानावर बोट ठेवतो, आपण हसत घरी येतो.

विमलताईंचाही तिथंच होता. या बाई दर गुरुवारी विहाराच्या ओसरीत बसतात. घरी मार खाणाऱ्या बायांचं बोलणं फोनमध्ये भरून घेतात, वळांचे फोटो काढतात. यवतमाळच्या कोर्टात कामी पडतं. अशा नऊ बायांचं दुःख त्या एका खात्यात.

पायल त्यातलीच. तिचा नवरा सुनील दुकानात गेला. "मी विमलताईचा भाचा. ताईचा फोन अटकला, पासवर्ड पाह्यजे." रोशननं पान दाखवलं. सुनीलनं खातं उघडून पायलचं सगळं बोलणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सुनीलनं भर बाजारात पायलला तिचेच शब्द म्हणून दाखवले, एकेक, तिच्याच आवाजाची नक्कल करत. ती तशीच केळापूरला माहेरी निघून गेली.

"मले काहून नाही इचारलं?" विमलताईंनी दुकानात येऊन रजिस्टर त्याच्यापुढं आपटलं.

"ताई, आजवर कोणी इचारा म्हटलंच नाही," रोशन रडकुंडीला आला.

मग त्या माझ्या नातीकडं, मोनालीकडं आल्या. पोरगी यवतमाळला कम्प्युटर शिकते. तिनं आधी जुना पासवर्ड बदलला, मग क्लाउडच्या, म्हणजे फोनमधलं कंपनीकडं साठवायच्या, दोन सेवा दाखवल्या. पहिलीत पासवर्ड विसरला तर कंपनी उघडून देते, म्हणजे चावी तिच्याकडंही असते. दुसरीत सगळं फोनमध्येच कुलूपबंद होऊन वर जातं, कंपनीलाही वाचता येत नाही. फोन हरवला तरी माल शाबूत.

"अन् मीच पासवर्ड भुलली तं?"

"तं गेलं, आजी. कायमचं. म्हणून एका कागदावर लिहून ठेवा."

"कागदानंच तं घात केला, पोरी."

तीन दिवस बाईंचं काही ठरेना. वय अठ्ठावन, त्यात साखरेचा आजार. परवाच चहात मीठ टाकून मला पाजला होता! त्या भुलल्या तर नऊ बायांचा पुरावा मातीत. पण पासवर्ड आणखी एकदा फुटला, तर ओसरीत कोण येऊन बसेल? चौथ्या दिवशी त्यांनी दुसरी सेवा घेतली आणि मला घेऊन एसटीनं केळापूरला गेल्या.

पायलनं पाणी दिलं, पण बसली नाही. "माह्यं पुसून टाका, ताई."

"कोर्टाची तारीख लागली हाय. पुरावा तोच एक हाय."

"पुसा म्हटलं ना!"

ताईंनी फोन तिच्या हातात दिला. "तूच पुस मंग."

पायलनं फोन धरला, पण पुसलं नाही. "नवा पासवर्ड कोणाकोणाले ठाऊक हाय?"

"मलेच."

"लिहिला कुठं?"

"कुठंच नाही."

"तुम्ही भुलल्या तं?"

"मंग कोणालेच नाही भेटत. तुलेही नाही, सुनीललेही नाही."

पायल पहिल्यांदा खाली बसली. "तं राहू द्या."

परतीच्या गाडीत मी चार गमती सांगून पाहिल्या. विमलताई खिडकीकडं तोंड करून ओठ हलवत होत्या. मध्येच थांबल्या, कपाळ चोळलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.