डॉक्टर बाईंना खांद आली

कागदावर मी सहाशे लिहिलं होतं. हवं होतं शंभर.

रामटेके सिस्टर तो केसपेपर माझ्या टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या. "बाई, हे तुमीच लिवलं काय?"

"माझंच अक्षर आहे ना? मग?" मी मान वर न करता म्हणाले. ओपीडीची रांग व्हरांड्यातून उतरून मोहाच्या झाडापर्यंत गेली होती.

"अक्षर तुमचंच हाये. पेशंट दहा किलोचा हाये."

मी कागद हातात घेतला आणि बसल्या जागी गार झाले.

क्विनाइन हे डोक्यात चढलेल्या मलेरियावरचं औषध. सलाइनमधून थेंबथेंब द्यायचं. किती द्यायचं ते पेशंटच्या वजनावर, किलोमागे दहा मिलिग्रॅम. एक अख्खी अँप्यूल म्हणजे सहाशे, धडधाकट बाप्याचा डोस. शेजारच्या खाटेवर तसाच एक बाप्या होता. त्याचा आकडा मी जसाच्या तसा या पोराच्या कागदावर उतरवला. पोर दोन वर्षांचं. तेवढं औषध गेलं असतं तर त्याचं हृदय थांबलं असतं. आई खाटेच्या पायाशी बसून त्याचे तळवे चोळत होती. तिला यातलं काही कळलं नाही, कारण सिस्टरांनी अँप्यूल फोडलीच नव्हती. आधी कागद घेऊन माझ्याकडे आल्या होत्या.

मी सहाशे खोडलं, शंभर केलं, सही केली. सही कुणा दुसऱ्याचीच वाटावी अशी आली.

हे केंद्र कुरखेड्याच्या बाजूचं, जंगलाला लागून. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या म्हाताऱ्या अजून मला ओळखतात. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्यात पाट्या आधी आल्या, माणसं मागाहून. आमच्या केंद्राला दोन डॉक्टर मंजूर होते. दुसऱ्याची खुर्ची आली होती, डॉक्टर यायचा होता. त्या खुर्चीवर आम्ही रिपोर्टांचे गठ्ठे ठेवायचो. त्यामुळे ओपीडी माझी, बाळंतपणं माझी, पोस्टमॉर्टेम माझं, कुटुंबनियोजनाचं टार्गेट माझं, शाळातपासणी माझी, आणि कोर्टाचं समन्स आलं की साक्षही माझीच.

आणि मी कोण? नाशिकची, सव्वीस वर्षांची, अंगावर कडक इस्त्रीचा कोट. कुणी "जेवल्या का?" विचारलं की "वेळ कुठे आहे?" म्हणताना मला आतून गुदगुल्या व्हायच्या. आईला लिहिलेल्या पत्रांत आपण किती कमी झोपतो याची वर्णनं असायची. उभ्याने चहा पिणं ही मला समाजसेवा वाटायची. आज माझ्या नातीने तसली पत्रं पाठवली तर मी तिचा कान धरीन.

प्रत्यक्षात चार महिन्यांत माझा पार चोथा झाला होता. म्हाताऱ्यांवर खेकसत होते. स्टोअररूममध्ये जाऊन रडत होते आणि डोळे पुसून "धूळ फार आहे" असं सांगत होते. ड्रॉवरमध्ये राजीनामा लिहून तयार होता. फक्त तारीख घालायची होती.

सलाइन लावून सिस्टर परत आल्या. "बाई, उठा."

"रांग आहे, सिस्टर."

"रांग मी पाह्यतो." तिकडे बायकाही 'पाह्यतो'च म्हणतात. "तुमाले खांद आली हाये."

"काय आलीय?"

"खांद."

मला वाटलं गळू. मी खरोखर मान चाचपून पाहिली. "कुठंय? माझ्या तर काही हाताला लागत नाही!"

रांगेतल्या बायका फिस्सकन हसल्या. पुढची म्हातारी माझी कीव येऊन म्हणाली, "अवं डॉक्टर बाई, बैलाले येते ते. जू घासते नं मानीवर."

नांगराचं जू घासून घासून बैलाची मान सुजते, कातडं सोलवटतं, त्याला खांद येणं म्हणतात. खांद आलेल्या बैलाला शेतकरी जुंपत नाही. कितीही पेरणीची घाई असो, मान बरी होईपर्यंत मोकळा सोडतो. हे मला पाच वर्षांच्या मेडिकल कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच कळलं की एम.बी.बी.एस. झालेल्या बाईला चारचौघांत बैल म्हटलं गेलंय.

"सिस्टर, मी जनावर नाही!"

"तेच त म्हणून राह्यली मी. जनावर असत्या त मालकानं कवाच सोडलं असतं."

त्यांनी उभ्या उभ्या रांग चाळली. तापवाल्यांना रक्त घ्यायला एका बाजूला, ड्रेसिंगवाले दुसऱ्या बाजूला, जुन्या गोळ्या न्यायला आलेले थेट कंपाउंडरच्या खिडकीवर. अर्ध्या तासात रांगेतून खरोखर डॉक्टर लागेल असे पाच जण उरले. चार महिने मी त्या सगळ्यांना एकामागून एक तपासत होते आणि त्यालाच कर्तव्य म्हणत होते.

"हे पाच पाहा अन् क्वार्टरवर जा. पोराजवळ मी हावो. काही वाटलं त हाक मारतो. चार वाजेपर्यंत तोंड दाखवू नका."

मी चपला न काढता झोपले.

तीनच्या सुमाराला जीपचा आवाज आला. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, न कळवता. इन्स्पेक्शनला असेच यायचे. माझं क्वार्टर ओपीडीच्या पाठीला पाठ लावून. मी धडपडून उठले, निऱ्या कशाबशा खोचल्या, मागच्या दाराने आत शिरले आणि दाराआड उभी राहिले. हो, लपून. शूरपणा मी फक्त पत्रांत करत असे.

"डॉक्टर कुठं आहेत?" साहेबांचा आवाज मोठा.

"झोपल्या, साहेब."

"ड्यूटीवर?"

"ड्यूटीवरून मीच काढलं त्याईले."

"तुम्ही? कोणत्या अधिकारात?"

सिस्टरांनी हालचाल रजिस्टर पुढे केलं. डॉक्टर केंद्र सोडून गेला तर कुठे आणि कशासाठी, ते त्यात लिहायचं असतं. साहेबांनी मोठ्याने वाचलं. "'डॉक्टर बाईंना खांद आली आहे. चार वाजेपर्यंत मोकळ्या सोडल्या आहेत.'" मग थांबले. साहेबही मूळचे तिकडचेच. "सिस्टर, खांद बैलाले येते."

"काम बैलाचं देल्लं त येनारच ना, साहेब."

कंपाउंडरच्या हातातली बाटली खाली पडली, फुटली नाही.

"सरकारी रजिस्टरमध्ये थट्टा लिहिता? मेमो मिळेल तुम्हाला. सर्व्हिस किती झाली?"

"अठरा वर्सं."

"आणि अठरा वर्षांत कळलं नाही काय लिहावं ते?"

सहाशेचा कागद सिस्टरांच्या हाताशी, टेबलावरच होता. तो दाखवला असता तर त्या सुटल्या असत्या आणि मी अडकले असते. त्यांनी त्यावर नुसता हात ठेवला. दाराच्या फटीतून मला तो हात दिसत होता. मग मात्र मला तिथे उभं राहवेना.

मी बाहेर आले, कागद सिस्टरांच्या हाताखालून ओढला आणि साहेबांपुढे धरला. "चूक माझी आहे, सर. यांनी वाचवलं." लगेच ड्रॉवर उघडून राजीनामाही दिला. एका दमात दोन्ही.

साहेबांनी खोडलेलं सहाशे पाहिलं. खाटेजवळ जाऊन पोराची नाडी पाहिली, सलाइनचे थेंब मोजले. परत येऊन विचारलं, "शेवटची सुट्टी कधी घेतली होती?"

"इथे आल्यापासून एकही नाही, सर."

"हे सांगताना मान ताठ करू नका. ही बढाई नाही, हा आजार आहे." मग राजीनामा उलटा करून पाहिला. "यावर तारीख नाही. बिनतारखेचा कागद मी घेत नाही. आठ दिवस झोप काढा, मग वाटलं तर तारीख घाला."

मेमोचं नाव पुन्हा निघालं नाही. साहेबांनी दुसऱ्या खुर्चीवरचे रिपोर्टांचे गठ्ठे उचलून जमिनीवर ठेवले, बसले आणि हात पुढे केला. "स्टेथो द्या."

दुपारनंतरचे पेशंट त्यांनी तपासले. कैक वर्षांत फाइलींपलीकडे त्यांनी काही तपासलं नव्हतं. सिस्टर त्यांच्या चिठ्ठ्याही तशाच तपासून पाहत होत्या.

"साहेब, हे औषध दोन सालापासून येत नाई."

"काऊन?"

"तुमीच पाठवत नाई."

साहेब एवढे हसले की रांगेतलं तान्हं पोर रडायला लागलं. जाताना त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने टिपून घेतलं, कोणती औषधं नाहीत ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलाइनवाल्या पोराने डोळे उघडून पेज मागितली. आईने मला काही म्हटलं नाही. सिस्टरांना मोहाच्या फुलांची एक पुरचुंडी दिली. तिला सगळं कळलं होतं की काय, देव जाणे.

पंधरा दिवसांत साहेबांचा आदेश आला. शेजारच्या केंद्रावरचा डॉक्टरही माझ्यासारखाच एकटा होता. दर गुरुवारी त्याने माझं केंद्र पाहायचं, दर सोमवारी मी त्याचं. ज्याचं केंद्र दुसरा पाहील त्याने त्या दिवशी काम करायचं नाही. रांग आधी सिस्टर वेगळी करतील, आणि हे त्यांचं अधिकृत काम समजावं. औषधाची चूक जो स्वतः सांगेल त्याला मेमो नाही. ही शेवटची ओळ साहेबांनी टाइप केलेल्या आदेशाखाली पेनाने लिहिली होती. मी पुढे बऱ्याच साहेबांच्या हाताखाली काम केलं. अशी ओळ पेनाने लिहिणारा दुसरा भेटला नाही.

पहिल्या गुरुवारी मी तीनदा ओपीडीत डोकावले. तिन्ही वेळा सिस्टरांनी हाकललं. शेवटी कुरखेड्याच्या बाजारात गेले, वांगी घेतली, शिजवून बसून जेवले. दुसऱ्या गुरुवारी कपडे धुतले. तिसऱ्या गुरुवारी नुसती पडून राहिले, आणि संध्याकाळी लक्षात आलं की आठवडाभरात कुणावर खेकसले नव्हते. त्या केंद्रावर मी सहा वर्षं काढली.

एवढं सगळं माझ्यासाठी झालं, आणि मी शहाणी सात महिने खुशीत होते. मग एका बुधवारी डोक्यात प्रकाश पडला. गुरुवारी मी नसते तेव्हा सिस्टर असतात. सोमवारी मी दुसरीकडे जाते तेव्हाही सिस्टरच असतात.

"सिस्टर, तुमच्या सुट्टीचा वार कोणता?"

त्या गोळ्यांच्या पुड्या बांधत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "इचारलं एकदाचं! सात महिन्यांपासून वाट पाहून राह्यली, म्हटलं बाई कवा इचारते."

त्यांना मंगळवार दिला. त्या दिवशी रांग वेगळी करायची, इंजेक्शनं द्यायची, ड्रेसिंग करायचं, सगळं मी करायचं ठरलं. पहिल्या मंगळवारी मी बाह्या सरसावून व्हरांड्यात उभी राहिले. रांगेने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं.

"सिस्टर कुठी हाये?"

"आज सुट्टी. मी आहे ना, डॉक्टर!"

"अस्सं? त उद्या येतो," म्हणत अर्धी रांग घरी गेली.

डॉक्टरला विश्रांती दिली की केंद्र नीट चालतं. नर्सला दिली की कळतं, आजवर ते चालवत कोण होतं.