शिक्क्याची जागा

झेरॉक्सवाल्या काकांकडे कुणी लॅमिनेशनला कागद दिला, की काका आधी तो उलटा करतात. मागची बाजू कोरी दिसली, की कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि विचारतात, "इथे पुढे कुणी सही-शिक्का मारणार आहे का?" गिऱ्हाईक म्हणतं, "अहो काका, पोरीचं चित्रकलेचं प्रशस्तिपत्रक आहे, त्यावर कोण मारतंय शिक्का!" तरी काका पुन्हा एकदा विचारतात. घाईतली माणसं वैतागतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, म्हणा हवं तर. पण खरं सांगायचं, तर इथे पोळलं ते दुसऱ्याचं.

काका आधी असे नव्हते. "आणा इकडे, पक्कं करून देतो," हे त्यांचं पालुपद. सगळ्या रस्त्याचे कागद त्यांच्या हाताखालून जायचे. भाडेकरार, शाळेचे दाखले, दवाखान्याच्या फायली. कुठला अर्ज कुठल्या खिडकीवर, सोबत किती फोटो, कुठला रकाना रिकामा सोडायचा, सगळं तोंडपाठ. लोक वकिलाकडे जायच्या आधी काकांकडे यायचे, आणि बरेचदा मग वकिलाकडे जायचेच नाहीत. आता एवढं झाल्यावर माणसाला थोडं चढणारच. काकांनाही चढलं होतं.

काकू सीमेपलीकडच्या. कामासाठी इकडे आल्या, परवान्याची झेरॉक्स काढायला या दुकानात शिरल्या, आणि काकांनी एकाऐवजी तीन प्रती काढून दिल्या. "असू द्या, लागतात." लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण काकूंचे कागद तेव्हापासून काकांकडेच. दुकानातल्या वरच्या खणात निळी फाइल, तिच्यात काकूंचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, राहण्याच्या परवान्याची जुनी कार्डं, सगळं तारखेवार. काकूंनी ती फाइल कधी उघडूनही पाहिली नव्हती. "आमच्या घरात सरकारी खातं ह्यांच्याकडे," असं त्या हसून सांगायच्या.

त्या वर्षी काकूंच्या कार्डाची मुदत संपली. अर्ज काकांनी वेळेत केला होता, त्यात काही खोट नाही. नवीन कार्ड यायला वर्षभर लागणार होतं. तोवर हातात मिळाली ती एक पावती. पुढे काकूंचा फोटो आणि नंबर, मागे चार रिकामे चौकोन. दर तीन महिन्यांनी एका चौकोनात शिक्का बसणार. पहिला शिक्का बसला, की काकूंना देशाबाहेर जाऊन परत यायची मुभा. त्याआधी गेल्या, तर परत घेतील का नाही, कुणी सांगावं!

आणि काकूंना जायचं होतं. तिकडे त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. धाकटी बहीण रोज फोन करायची, "आई विचारते, ताई कधी येतेय." काकूंनी बॅग भरून दाराशी ठेवली होती. वर आईसाठी घेतलेले लोकरीचे मोजे, कारण म्हातारीचे पाय सदा गार.

काकू काम करायच्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत. तिथे दिवसभर वाफ. पावती जवळ बाळगायची सक्ती, म्हणून ती काकूंच्या पर्समध्ये, आणि पर्स कायम दमट. दोन महिन्यांत पावतीचे कोपरे मऊ पडले, घडीवर चीर गेली. काकांनी ती एका रविवारी पाहिली. "अगं, ही काय दशा! दे इकडे."

दुकानातलं सगळ्यात जाड प्लास्टिक काढलं. मशीन नीट तापू दिलं. पावती घातली, काढली, कोपरे गोल कापले, बाहीने पुसली. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. "आता पाण्यात टाकलीस तरी काही होत नाही." काकूंनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, किती छान झाली!" मागचे चार चौकोन काचेखाली ठेवल्यासारखे चकचकत होते. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. काकूंच्या का यावं? पण काकांच्या यायला हवं होतं. एवढा कागदांचा माणूस!

शिक्क्याच्या दिवशी काकूंना रजा मिळाली नाही. नवरा गेला तरी चालत होतं, म्हणून काका कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी पावती उलटी केली, शिक्का मारला. शाई प्लास्टिकवर थेंबाथेंबांनी गोळा झाली. बाईंनी अंगठा फिरवला, शिक्का गायब.

"कुणी केलं हे?"

"मीच. टिकावी म्हणून."

"अहो, हिच्यावर शिक्का बसणार कसा? दुय्यम पावतीसाठी अर्ज करा. चौकशी होईल, मग ठसे घ्यायला बोलावतील. तीन-चार महिने धरा."

"बाई, तिची आई तिकडे..."

"काका, मी समजू शकते. पण मी शिक्का मारू कशावर?"

काका दुकानात आले, शटर अर्धं ओढलं आणि प्लास्टिक सोडवायला बसले. गरम करून पाहिलं, ब्लेडने कड उचलून पाहिली. कागद सुटला, पण शाई प्लास्टिकबरोबर गेली. अर्धा नंबर इकडे, अर्धा तिकडे, काकूंचा चेहरा पार पुसट. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्यांनी ते दोन्ही तुकडे फाइलमध्ये ठेवले, दुय्यम पावतीचा अर्ज नवरा म्हणून स्वतःच्या सहीने भरला, आणि घरी जाऊन काकूंना सांगितलं, "त्यांचं कॉम्प्युटर बंद होतं. पावती ठेवून घेतलीय. पंधरा दिवसांनी या म्हणाले."

एवढंच. एक वाक्य. पण खोटं एकदा घरात घेतलं, की त्याला रोज खायला घालावं लागतं. पंधरा दिवसांनी साहेब रजेवर गेले. मग शिक्काच नवीन यायचा होता. काकू ऐकून घ्यायच्या, कारण सरकारी खातं ह्यांच्याकडे. बहिणीला फोनवर सांगायच्या, "ह्यांनी पक्कं सांगितलंय, आणखी आठ दिवस. आईला म्हणावं, निघालेच."

एकदा मात्र भाजी निवडताना त्यांनी विचारलं, "अहो, मी अशीच गेले तर? पुढचं पुढे."

"वेडी आहेस का? एवढी थांबलीस, आठ दिवसांनी काय होतंय!"

आई गेली ती शिक्क्याच्या दिवसापासून एकोणचाळिसाव्या दिवशी, दुपारी. काकू लाँड्रीत होत्या. बहिणीने फोनवर सांगितलं, शेवटचे दोन दिवस आई दाराकडे तोंड करून झोपायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी चप्पल घातली. "मी त्या कचेरीत जाते. मला त्यांना विचारायचंय, एका शिक्क्याला एवढे दिवस का लागले."

आता मात्र काकांनी त्यांना दारातच थांबवलं. त्यांनी दुकानातून फाइल आणली आणि ते दोन तुकडे काकूंच्या पुढ्यात ठेवले. सगळं सांगितलं. काकूंनी प्लास्टिकचा तुकडा उचलला, त्यावर चिकटलेला स्वतःचा पुसट चेहरा पाहिला, खाली ठेवला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"आणि सांगितलं नाहीत."

"लाज वाटली गं. सगळ्या गावाचे कागद मी करतो, आणि तुझाच..."

"त्या दिवशी सांगितलं असतंत, तर मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसले असते. बिनकागदाची. आईला भेटले असते."

"आणि परत येता आलं नसतं तर?"

हे इतक्या पटकन आलं, की काका स्वतःच चपापले. इतके दिवस ते स्वतःला लाजेचं कारण सांगत होते. लाज होतीच, नाही कशाला म्हणा. पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी दडून बसलं होतं, आणि ते आत्ता दोघांच्या मध्ये येऊन उभं राहिलं. काकूंनी चप्पल काढून दाराशी ठेवली.

"म्हणजे मी जाईन, हे तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून सांगितलं नाहीत."

काकांना रडू फुटलं. "चुकलो," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले. काकू भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काका अजून म्हणतात.

पुढे ठसे झाले, यथावकाश नवीन कार्ड आलं. काकू तिकडे जाऊन आल्या, महिनाभर राहिल्या. तो महिना काका जेवले काय आणि झोपले काय, विचारू नका. पण काकू आल्या. मोजे तिकडेच ठेवून आल्या. संसार चालू आहे, दोघं संध्याकाळी भाजीलाही एकत्र जातात, नव्या माणसाला काही कळायचं नाही.

फक्त निळी फाइल आता दुकानाच्या खणात नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी ती मागून घेतली, आणि काकांनी ती दिली. ती घरी कुठे असते, काकांना माहीत नाही, आणि त्यांनी विचारलेलंही नाही.

मध्ये कशासाठी तरी काकूंना कार्डाची झेरॉक्स हवी होती. त्या दुकानात आल्या, रांगेत दोन माणसं होती त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर काकांनी सवयीने हात पुढे केला. काकू काउंटरला वळसा घालून आत आल्या, स्वतः मशीनचं झाकण उचललं, कार्ड ठेवलं, बटण दाबलं. प्रत निघाली. कार्ड उचलून पर्समध्ये टाकलं, चेन लावली.

"आणखी दोन काढून ठेव," काका हळूच म्हणाले. "लागतात."

"एक पुरे," काकू म्हणाल्या, आणि कामावर गेल्या.