न पुसलेली बॅरल

अमेरिकेतलं मॉरिसव्हिल हे माझं शेवटचं पोस्टिंग. ऑर्डर मुलीने काढली. तिची आई गेल्यावर भंडाऱ्याच्या घरात मी एकटा उरलो, तेव्हा प्रज्ञा फोनवर म्हणाली, "बाबा, नो डिस्कशन. तुम्ही इकडे येताय." इन्फंट्रीत आयुष्य काढलेला माणूस हुकूम बरोबर ओळखतो. कागदपत्रं झाली, ग्रीन कार्ड आलं, मी आलो.

इथे मला ड्यूटी नव्हती. मुलगी आणि जावई सकाळी लॅपटॉपसमोर बसले की संध्याकाळीच माणसांत येत. मी मात्र पहाटे उठून दाढी करायचो, बूट चमकवायचो आणि जवळच्या तळ्याला फेऱ्या मारायचो. एका सकाळी बाकावर बसलेल्या एका उंच, गोऱ्या म्हाताऱ्याने मला थांबवलं.

"कोणती आर्मी?"

"इंडियन. सुबेदार मेश्राम, रिटायर्ड."

"वॉल्ट. सार्जंट, व्हिएतनाम. फिरायला आलेला माणूस हात असा खांद्यापर्यंत नेत नाही."

वॉल्ट इंग्रजीत बोलतो, मी माझ्या फौजी इंग्रजीत. इथे दोघांचं मराठी करून लिहितो आहे. 'सुबेदार' त्याच्या जिभेवर काही बसेना, म्हणून मी 'सूबी' झालो. पोरीने हे ऐकलं तेव्हा ती दोन दिवस हसत होती.

वॉल्टच्या घरामागे एक शेड आहे. तिथे त्याने मला एक रायफल दाखवली. लहान कॅलिबरची, जुनी, सिंगल शॉट. मॅगझिन नाही. एक राउंड हाताने भरायचा, फायर करायचा, रिकामं टरफल, म्हणजे केस, काढायची, मग दुसरा. अशा रायफलने माणूस विचार करून गोळी मारतो. मला ती बघताक्षणी आवडली.

ती एडीची होती. एडी वॉल्टच्या सेक्शनमधला, एकाच खंदकात राहिलेला. फुरसत मिळाली की एडी या रायफलबद्दल बोलायचा. त्याचे वडील घरीच शिसं वितळवून तिच्या गोळ्या ओतायचे. फ्रंटवर जाण्याआधी एडीने पन्नास यार्डांवरून कागदावर पाच गोळ्या मारल्या होत्या आणि त्या पाचही एका निकेलच्या, म्हणजे पाच सेंटच्या, नाण्याखाली झाकल्या जायच्या. तो कागद त्याच्या बहिणीच्या, रूथच्या स्वयंपाकघरात फ्रेम करून लावलेला आहे. एडी परतला नाही. गेल्या हिवाळ्यात रूथने रायफल आणि गोळ्यांचा लोखंडी साचा वॉल्टच्या हवाली केला.

वॉल्टच्या उजव्या डोळ्याचा मधला भाग मरत चालला आहे. पानगळीपर्यंत रायफलच्या टोकावरची माशी, नेम धरायची खूण, दिसायची बंद होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी एडीच्या रायफलने, एडीच्या साच्यातल्या गोळ्यांनी, एडीसारखा पाच गोळ्यांचा घट्ट ग्रुप एकदा मारायचा, एवढंच त्याला हवं होतं. मेमोरियल डेला, म्हणजे मे अखेरच्या शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनी, रूथसमोर.

"मला स्पॉटर पाहिजे, सूबी. गोळी कुठे लागली ते सांगणारा."

मी बटालियनच्या फायरिंग टीमचा कोच होतो. मी हो म्हटलं आणि घरी येऊन सांगितलं.

"बाबा, गन? अमेरिकेत? आर यू सीरियस?" प्रज्ञा म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "ठीक आहे. मदत करा. पण ट्रिगरला हात लावायचा नाही. आणि ते शिसं माझ्या किचनपासून लांब. घरी आल्यावर आधी हात धुवायचे, मग चहा."

सगळ्या अटी मी पाळल्या. पहिल्या अटीमुळे पुढे काय घोळ होणार आहे, हे तेव्हा कळलं नाही.

मार्चपासून काम सुरू झालं. गोळ्या ओतण्यात आम्ही दोघेही रंगरूट. वॉल्टने जन्मभर तयार काडतुसं वापरलेली, मीही सरकारीच. जुनी पुस्तकं वाचून शिकलो. शेडची दारं सताड उघडी ठेवून शिसं आणि थोडं कथील वितळवायचं, वरची मळी काढायची, पळीने साच्यात ओतायचं. साचा थंड असला की गोळीला सुरकुत्या पडतात. फार तापला की ती दह्यासारखी पांढुरकी दिसते. नीट जमली की तळाची कड अशी धारदार निघते की हातातून खाली ठेववत नाही. मी निरीक्षण करायचो आणि अर्ध्याअधिक परत भांड्यात टाकायचो.

"तुझ्या हाताखालच्या पोरांची मला दया येते," वॉल्ट म्हणायचा.

मग मेणाचं वंगण चोपडायचं, दारू तोलायची, गोळी केसमध्ये बसवायची. दर खेपेला एकच गोष्ट बदलायची: दारू, गोळी किती खोल बसवायची ते, नाहीतर वंगण. पाच-पाच राउंड घेऊन आम्ही रूथच्या शेताच्या टोकाला जायचो. रताळ्याचं शेत, त्यामागे लाल मातीचा उंच बांध, पाइनची झाडं. वॉल्ट फायर करायचा, मी दुर्बिणीतून सांगायचो.

"राउंड वन. हाय, लेफ्ट."

"रॉजर."

"राउंड टू. हाय."

मी पुढे सांगायचो, "थ्री. सेंटर. फोर, तिथेच. फाइव्ह, तिथेच."

पाच राउंड झाले की बॅरल, म्हणजे नळी, आतून साफ करणं माझं काम. रॉड, तेल, चिंध्या. शेवटची चिंधी पांढरी निघेपर्यंत. प्रत्येक लोडला, म्हणजे दारू-गोळीच्या प्रत्येक जोडणीला, सारखीच बॅरल मिळायला हवी, नाहीतर तुलना कशी करणार? हे तर्कशास्त्र माझंच होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

एप्रिल गेला. पाइनच्या पिवळ्या परागांनी गाड्या माखल्या, मग धुतल्या गेल्या. लोड कोणताही असो, निकाल तोच. पहिल्या दोन बाहेर, पुढच्या तीन एकमेकींना चिकटून. वॉल्टने एका सकाळी रायफल उघडून खाली ठेवली.

"लोड ठीक आहे, सूबी. डोळा गेलाय. स्थिरावायला त्याला दोन गोळ्या लागतात. एडीने पहिल्या गोळीपासून नेमक्या मारल्या होत्या."

मलाही तेच वाटत होतं. मी स्वतः पाच राउंड मारले असते तर शंका एका सकाळीच मिटली असती, पण पोरीला शब्द दिला होता.

"सीझ फायर," वॉल्ट म्हणाला. "रायफल रूथला परत देतो."

मी तिथेच बसून बॅरल साफ केली. परत द्यायची वस्तू मळकी कशी द्यायची?

चिंधी ओढताना मला गजभिये आठवला. लान्स नायक सिद्धार्थ गजभिये, माझ्या टीमचा सगळ्यात शांत नेमबाज. आम्ही बर्फातल्या एका पोस्टवर होतो. तेल गोठायचं, म्हणून तो बाटली बनियनच्या आत ठेवायचा. सकाळी चहा, मग शस्त्रसफाई, मग ड्यूटी. एके दिवशी शस्त्रसफाई संपता संपता तोफेचा शेल त्याच्याजवळ पडला. मी रेडिओवर बोललो, "वन कॅज्युअल्टी. इव्हॅक रिक्वेस्ट." उत्तर आलं, "वेट. आउट." हेलिकॉप्टरला हवामान मोकळं नव्हतं. मोकळं झालं तेव्हा घाई उरली नव्हती. त्याची रायफल मी घेतली, पूर्ण खोलून साफ केली आणि खाली उतरल्यावर कोतात, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात जमा केली. त्याच्यासाठी करण्यासारखं तेवढंच शिल्लक होतं. तेव्हापासून मळकी बॅरल मला बघवत नाही.

रूथ सत्तरीतली, काटक बाई. तिने तिच्या घराच्या ओट्यावर आमच्याकडून रायफल घेतली, खटका उघडून सवयीने बॅरल उजेडाकडे धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही चकाकतेय."

"प्रत्येक पाच राउंडनंतर साफ करतो, मॅडम," मी छाती काढून सांगितलं.

"आणि घरी नेल्यावर मी पुन्हा एकदा," वॉल्ट म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. हे मला नवीन होतं.

रूथ आधी हसली. हसता हसता खुर्चीत बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "या बॅरलला शिकारीच्या सीझनमध्ये कोणी चिंधी लावली की बाबा घर डोक्यावर घ्यायचे. एडीने एकदा लावली होती, आठवडाभर त्याला बंदुकीला हात लावू दिला नाही. शिशाच्या गोळीला नळीच्या आत वंगणाचा थर लागतो. पहिल्या दोन-तीन गोळ्या तो थर बसवण्यातच जातात. तुम्ही दर वेळी पुसून काढत होतात."

वॉल्टने हात उजव्या डोळ्याकडे नेला. "म्हणजे डोळा..."

"डोळ्याचं मला माहीत नाही," रूथ म्हणाली. "पहिल्या दोन गोळ्या तुझ्या नव्हत्या. त्या चिंधीच्या होत्या."

दोन देशांच्या दोन फौजांनी मिळून एका रायफलची वाट लावली होती. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. वॉल्टने रायफल परत उचलली.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही बॅरलला हात लावला नाही. बाहेरचं लोखंड पुसायचो, आत नाही. मला रात्री झोप लागायची नाही, हे खरं. ग्रुप मात्र रोज लहान होत गेला.

मेमोरियल डेला प्रज्ञाने मला गाडीने रूथकडे सोडलं आणि परत न जाता तीही थांबली. बांधासमोर कोरा कागद लागला. थर ताजा व्हावा म्हणून आधी दोन गोळ्या बांधात मारून घेतल्या. मी दुर्बिणीशी आडवा झालो.

"शूटर रेडी?"

"रेडी."

"राउंड वन. फायर."

सेंटर. दुसरी त्याच भोकाला लागून. तिसरी, चौथी. प्रज्ञाने तोंडावर हात ठेवला होता. मग पुढचा आवाज आलाच नाही.

"सूबी. माशी दिसत नाही. सगळं धूसर झालंय."

"चेक फायर. थांब. रायफल हलवू नको. डोळे मीट."

"आता होणार नाही."

"सार्जंट, डोळे मीट. दहा श्वास. मी मोजतो."

मी मोजले. दहा झाल्यावर मी म्हटलं, "उघड. दिसली तर फायर. नाही दिसली तर अनलोड. दोन्ही चालेल."

गोळी सुटली.

"राउंड फाइव्ह. लो," मी म्हणालो. खोटं सांगायची सवय नाही.

रूथने कागद आणला आणि निकेल ठेवला. चार झाकल्या. पाचव्या भोकाची कड खालून बाहेर डोकावत राहिली. वॉल्ट मान खाली घालून उभा होता. रूथ आत गेली, भिंतीवरची फ्रेम काढून घेऊन आली, काच सरकवली आणि तेच नाणं एडीच्या कागदावर ठेवलं. तिथेही एक कड बाहेर होती.

"बाबा नेहमी अंगठा इथे ठेवून नाणं दाखवायचे," ती म्हणाली. "पाहुण्यांना कधी कळलं नाही."

वॉल्ट रडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मीही रडलो. प्रज्ञाने मला रडताना आईच्या वेळीही बघितलं नव्हतं.

मग रूथने एडीचं पूर्ण नाव घेतलं. वॉल्टने सेक्शनमधल्या आणखी तिघांची नावं घेतली. नंतर तो माझ्याकडे वळला.

"तुझा कोण?"

"लान्स नायक सिद्धार्थ गजभिये."

वॉल्टने ते नाव तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. प्रज्ञाने हळूच "जय भीम" म्हटलं.

रायफल माझ्याजवळ आली. हात सवयीने खिशातल्या चिंधीकडे गेला. मी तो मागे घेतला आणि रायफल आहे तशी वॉल्टच्या हाती दिली.