चालू मोपेड

प्रताप नगरात आमच्या समोरच्या तरुण शेजाऱ्याने पोर्चमध्येच वर्कशॉप थाटलं आणि जुनी स्कूटर खोलली. माझे बाबा सकाळी चहा पिऊन त्याला शिकवायला तिकडे जात, ते जेवायलाच परतत. मला ते बघवत नसे. बाबांनी मला रोज आपल्या मोपेडवरून कॉलेजला सोडलं, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. बाबांवर पहिला हक्क माझा होता.

एका रविवारी मीही पोर्चमध्ये टेबल मांडलं, नवे पाने भिंतीला टांगले आणि तीच मोपेड खोलली.

बाबा धावत आले. "चालू गाडी काहून खोलून राहिला गा?"

"तुम्ही जोडायला शिकवाल म्हणून."

ते हसून माझ्याजवळ बसले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांनी समोर हाक मारली, "अगा, ये इकडे! आणखी एक गाडी आली."